रेणुकेची कथा पहिल्या व्रताची आहे



चैत्र शुद्ध षष्ठी-सप्तमी जवळ आली की आपल्या मावळातला जुना हायवे पालख्यांनी भरून जातो. मुंबई-ठाण्याचे, रायगडचे कोळी आणि आगरी लोक घाट चढून कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला येतात. लोणावळा, कामशेत, वडगाव, आपली कितीतरी घरं आणि दुकानं याच रस्त्याला लागून आहेत. आणि दरवर्षी याच दिवसांत आपल्या बायकांच्या घोळक्यात दोन वाक्यं हमखास कानावर पडतात.

पहिलं असं: "बघा यांचं. मुलानं आईचं डोकं उडवलं, आणि हे आईलाही पुजतात नि मुलालाही."

दुसरं वाक्य घरातल्या मुलीसाठी किंवा नव्या सुनेसाठी राखून ठेवलेलं असतं: "मन ढळलं की काय होतं, ते त्या रेणुकेला विचार."

पहिल्या वाक्यानं शेजारी कमी लेखले जातात, दुसऱ्यानं आपल्याच लेकीसुना. दोन्ही बोलणाऱ्यांना वाटत असतं की आपण धर्माची बाजू घेतोय. माझं म्हणणं असं की ही दोन्ही वाक्यं आपल्याच शास्त्राला धरून नाहीत. आपण पाणी गाळून घेतो, धान्य निवडून घेतो, पण कथा मात्र न गाळता तोंडात घालतो आणि न गाळता दुसऱ्याच्या ताटात वाढतो. म्हणून आज ही कथा गाळून घेऊया.

इतर काय सांगतात

कार्ल्याची एकवीरा म्हणजे रेणुकाच, असं तिचे भक्त मानतात. एका वीराची, म्हणजे परशुरामाची आई, म्हणून एकवीरा, असा अर्थही सांगतात. या रेणुकेची सगळ्यात प्रसिद्ध कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. राजा प्रसेनजिताची मुलगी रेणुका, जमदग्नी ऋषींची बायको, पाच मुलांची आई. एक दिवस ती स्नानाला जाते. तिथे चित्ररथ राजा आपल्या राण्यांबरोबर जलक्रीडा करताना तिला दिसतो आणि तिचं मन क्षणभर हलतं. भिजलेल्या अंगानं, घाबरत ती घरी येते. जमदग्नी ओळखतात आणि मुलांना आज्ञा करतात: हिला मारा. चार मुलं ते करत नाहीत, त्यांना शाप मिळतो. पाचवा, परशुराम, कुऱ्हाड उचलतो. वडील प्रसन्न होऊन वर माग म्हणतात, तेव्हा तो मागतो: आई जिवंत व्हावी, झालेलं तिला आठवू नये, मला पाप लागू नये, आणि भाऊ पूर्ववत व्हावेत.

भागवतात रेणुका गंगेवर पाणी आणायला गेलेली आहे, चित्ररथ तिथे गंधर्व आहे, आणि त्याच्याकडे किंचित मन ओढलं जाऊन तिला होमाची वेळ विसरायला झाली, ही तिची चूक आहे. तिथे परशुराम आईबरोबर भावांनाही मारतो आणि वरानं सगळे झोपेतून उठावेत तसे उठतात.

माहूरला वेगळंच सांगतात. तिथे देवीचं फक्त मुख आहे. पतीबरोबर सती गेलेली आई जमिनीतून वर येईल, पण मागे वळून पाहू नकोस, असं परशुरामाला सांगितलेलं होतं. त्याला धीर धरवला नाही, त्यानं पाहिलं, तोवर मुखच वर आलं होतं. म्हणजे माहूरच्या कथेत आईचं मस्तक दिसतं ते लेकाच्या ओढीमुळे. दक्षिणेकडे यल्लम्मा-मरिअम्माच्या कथांत आईबरोबर आणखी एक खालच्या मानलेल्या जातीची बाई मारली जाते आणि जिवंत करताना दोघींची मस्तकं अदलाबदल होतात. म्हणून एकीचं शीर आणि दुसरीचं धड अशी देवी तिथे पुजली जाते.

पाहिलंत ना, एकाच कथेच्या किती तऱ्हा! कुणी म्हणतं आज्ञापालन मोठं, कुणी म्हणतं माया मोठी, कुणी म्हणतं मारलेल्या बाईतच देवपण आहे. आपल्या शेजारच्या कोळी बायका कार्ल्याच्या पायऱ्या चढताना "आई" म्हणतात, ते त्या मारलेल्या बाईला म्हणतात. त्या कुऱ्हाडीला आई म्हणत नाहीत. "मारणाऱ्यालाही पुजतात" म्हणून हसण्याआधी एवढं तरी पाहायला हवं, की ज्या बाईचं शीर उतरवलं तिच्यापुढेच लाखो लोकांनी आपलं शीर ठेवलं आहे. मारून टाकलेल्या बाईचं नाव लोकांनी मरू दिलं नाही. यात मला तरी हसण्यासारखं काही दिसत नाही.

याच देवीच्या नावानं वाईटही झालं. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची चाल आपल्या सीमाभागात कितीतरी पिढ्या चालली. कर्नाटकाला १९८२ साली आणि महाराष्ट्राला २००५ साली त्याविरुद्ध कायदे करावे लागले. म्हणजे कथा कशी सांगितली जाते यावर गरीब घरच्या पोरींची आयुष्यं अवलंबून राहिली. म्हणूनच म्हणते, कथा ही नुसती कथा नसते.

आणि आपल्याकडे?

आता आपल्या घरात येऊ. "आपल्या धर्मात असलं काही नाही" असं म्हणणाऱ्या बहुतेकींना हे माहीतच नसतं की रेणुका आपल्या ग्रंथातही आहे. बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी लिहिलेल्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्राच्या सहाव्या पर्वात, आठवे चक्रवर्ती सुभूम यांच्या चरित्रात तिची कथा येते. आणि ती महाभारतापेक्षा कठोर आहे.

आपल्या कथेत जमदग्नी आयुष्यभर तप केलेला तापस आहे. पुत्राशिवाय गती नाही, असं त्याच्या मनात भरवलं जातं, तेव्हा तो शंभर मुली असलेल्या राजाकडे जातो आणि एक मुलगी मागतो. मोठ्या मुली त्याच्याकडे पाहून थुंकतात. तो रागानं त्यांना कुबड आणतो. धुळीत खेळणारी एक लहान पोर राहते. तो तिला फळ दाखवतो, ती हात पुढे करते. झालं, तिचा होकार! धुळीत, म्हणजे रेणूत खेळणारी, म्हणून रेणुका.

ती मोठी होते, लग्न होतं. पुत्रासाठी जमदग्नी चरू तयार करतो, एक ब्राह्मण पुत्र देणारा तिच्यासाठी आणि एक क्षत्रिय पुत्र देणारा तिच्या बहिणीसाठी. ही बहीण हस्तिनापूरच्या अनंतवीर्य राजाची राणी. रेणुका विचार करते, मी तर रानातली हरिणी झाले, माझा मुलगा तरी तसा होऊ नये, आणि बहिणीचा चरू स्वतः खाते. तिच्या पोटी परशुराम येतो.

पुढे ती बहिणीला भेटायला हस्तिनापूरला जाते. तिथे बहिणीचा नवरा, म्हणजे घरचा मालक आणि देशाचा राजा, तिच्याशी संबंध ठेवतो. तिला मूल होतं. जमदग्नी तिला मुलासकट आश्रमात परत आणतो. परशुराम संतापतो आणि आईला, तिच्या त्या मुलासकट, कुऱ्हाडीनं मारतो. आपल्या कथेत कुणी आज्ञा दिलेली नाही. आणि कुणी जिवंतही होत नाही.

नंतरचं माहीत आहेच. अनंतवीर्य आश्रम उद्ध्वस्त करतो, परशुराम त्याला मारतो, त्याचा मुलगा कृतवीर्य जमदग्नीला मारतो, परशुराम कृतवीर्याला मारून राज्य घेतो आणि सात वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करतो. कृतवीर्याची गरोदर राणी पळून एका आश्रमात लपते, तिथे तळघरात सुभूम जन्मतो. तो मोठा होऊन परशुरामाला मारतो आणि एकवीस वेळा पृथ्वी ब्राह्मणरहित करतो. सुभूम चक्रवर्ती होतो. आणि सुभूम सातव्या नरकात जातो.

दिगंबर परंपरेत, गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणात, हीच मंडळी आहेत पण गाठ निराळी आहे. तिथे भांडण कामधेनूवरून पेटतं. रेणुकेला ती धेनू आणि परशू देणारे अरिंजय मुनी तिचे मोठे भाऊ आहेत. तिथे रेणुकेवर कसलाही डाग नाही आणि तिचा बळीही जात नाही. नवरा मारला गेला म्हणून रडणारी ती बाई आहे. म्हणजे आपल्याच दोन परंपरांमध्ये या बाईबद्दल एकमत नाही. तरीही "त्या रेणुकेला विचार" म्हणताना आपला आवाज किती खात्रीचा असतो!

कुठल्या पाठाखाली ही कथा?

आता मुद्द्याचं. "ही कथा शीलाची आहे, चौथ्या व्रताची आहे," असं आपल्याला सांगितलं जातं. हेमचंद्राचार्यांनी स्वतः काय केलं ते पाहा. त्यांच्या योगशास्त्राच्या दुसऱ्या प्रकाशात श्रावकाची अणुव्रतं क्रमानं समजावली आहेत. सुभूमाचं नाव त्यात येतं ते पहिल्या व्रताखाली. प्राण्यांचा घात करून रौद्रध्यानात बुडालेले सुभूम आणि ब्रह्मदत्त सातव्या नरकात गेले, हा तिथला दाखला आहे. आणि तिथल्या आपल्याच टीकेत आचार्य ही पूर्ण कथा सांगतात. अहिंसेच्या पाठात, हिंसेचं फळ दाखवायला.

मग पुढे चौथं व्रत येतं. तिथे आचार्यांनी कुणाची उदाहरणं दिली? परस्त्रीच्या अभिलाषेनं कुळाचा नाश करून नरकात गेलेल्या रावणाचं. आणि शीलावर अढळ राहिलेल्या सुदर्शन शेठचं. दोघेही पुरुष! रेणुका हाताशी होती. आचार्यांनी तिला तिथे उभं केलं नाही. उभं केलं ते आपण, आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या सुनेसमोर.

शास्त्राच्या मांडणीला काही अर्थ असतो की नाही? ज्या डब्यात आचार्यांनी जे ठेवलं, ते काढून दुसऱ्याच डब्यात भरायचं आणि वर चिठ्ठी लावायची "शास्त्रात असं लिहिलंय", याला काय म्हणावं?

काही जणी म्हणतील

"पण तिनं चूक केलीच ना? परपुरुषाचा संग आपल्या धर्मात पापच आहे."

हो, आहे. मी चौथं व्रत पातळ करायला बसलेले नाही. पण कथा नीट वाचा. धुळीत खेळताना फळ दाखवून घेतलेली मुलगी. बहिणीकडे पाहुणी गेलेली बाई, आणि समोर घरचा मालक, तोच राजा. कथेत पुढाकार त्याचाच आहे. तिच्या मनात काय होतं, हे कथा सांगत नाही. नात्यातल्या, मानाच्या पुरुषानं घरात आलेल्या बाईला काय काय सोसायला लावलं, हे आपल्यापैकी कुणी कधी ऐकलंच नाही का? अशा वेळी घरानं सगळ्यात आधी कुणाला गप्प बसवलं, हेही आपण जाणतो. "रेणुकेला विचार" या वाक्यानं नेमकी तीच बाई गप्प बसते, जिनं बोलायला हवं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. अनंतवीर्याचं नाव घेऊन कुठल्या जावयाला कधी कुणी दटावलेलं ऐकलंय?

आणि दोष पूर्ण तिचाच धरला, तरी शिक्षेचा अधिकार कुणाचा? आपला धर्म म्हणतो, कर्म ज्याचं त्याला. आपल्याकडे कुणाच्या हातात कुऱ्हाड दिलेली नाही, मुलाच्या हातात तर नाहीच. बाई चुकली तर तिच्यासाठी आलोचना आहे, प्रायश्चित्त आहे, तप आहे. वध कुठल्याही सूत्रात प्रायश्चित्त म्हणून सांगितलेला नाही.

"जमदग्नीनं तिला परत आणलं, ती त्याची स्त्रीमोहाची दुर्बलता होती, असं ग्रंथच म्हणतो."

म्हणतो, खरं आहे. स्त्रीच्या लोभात माणसाला दोष दिसत नाही, अशा अर्थाची टिप्पणी तिथे आहे. आचार्य वैराग्य शिकवायला बसलेले, ते मोहाला मोहच म्हणणार. मी वाद घालत नाही. एवढंच पाहा, ज्या दिवशी त्या घरात मोह होता त्या दिवशी बाई आणि तिचं बाळ जिवंत होतं. ज्या दिवशी क्रोध आला त्या दिवशी दोघं गेली. चारही कषाय वाईटच, पण त्या आश्रमात रक्त सांडलं ते क्रोधानं. पहिल्या व्रताच्या पाठात ही कथा का बसते, ते इथे कळतं.

आणि ते बाळ? त्यानं काय केलं होतं? आजवर ज्या कुणी ही कथा "धडा" म्हणून सांगितली, त्यातल्या एकीनंही मला त्या बाळाबद्दल सांगितलेलं नाही. बाळ कथेत राहिलं तर धडा टिकत नाही, म्हणून ते गाळलं जातं. पाणी गाळताना जीव वाचवायचा असतो, इथे आपण जीवच गाळून टाकतो.

"निदान आपल्या कथेत परशुरामाला शिक्षा तरी होते. आपल्या चक्रवर्तींनी सूड घेतला."

या वाक्यात जो अभिमान आहे ना, त्यावरच शास्त्राचा सगळ्यात मोठा घाव आहे. सुभूम आपला शलाकापुरुष, त्रेसष्टांतला एक. आपला तो बाब्या म्हणून त्याला सोडायची पूर्ण सोय होती. शास्त्रानं सोडलं नाही. परशुरामाची सात आणि सुभूमाची एकवीस, ही मोजणीच सांगते की सूड घेणारा आधीच्यापेक्षा तिप्पट खाली गेला. आपला माणूस म्हणून हिंसेला माफी नाही, हे या कथेचं सार आहे. आणि आपण ती कथा घेऊन काय करतो? शेजारच्या जातीला टोमणे मारतो.

"पण कार्ल्याला नवसाचे बोकड, कोंबडे कापले जातात. त्यांची बाजू घ्यायची?"

बळीची बाजू मी घेत नाही, घेणारही नाही. जीवदया ही आपली ओळख आहे आणि कुणी विचारलं तर प्रेमानं, ठामपणे ती सांगावी. पण टोमण्यानं आजवर एकही बोकड वाचलेला नाही. मनानं आणि वचनानंही हिंसा होते, हे आपण रोज सामायिकात घोकतो. ते फक्त घरापुरतं आहे का? कामशेतजवळच्या पाले गावच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे, तो अरहंतांना नमस्कार करून सुरू होतो. महाराष्ट्रातला सगळ्यात जुना जैन लेख म्हणून तो ओळखला जातो. दोन हजार वर्षं याच डोंगरांत अरहंतांचं, बुद्धाचं आणि आईचं नाव घेणारे शेजारी राहिले आहेत. कार्ल्याला तर बुद्धाच्या चैत्याच्या दाराशीच आईचं देऊळ आहे. इतक्या जुन्या शेजाराला शोभेल असं बोलायला आपल्याला यायला हवं.

मग मुलींना काय सांगायचं?

रेणुकेची कथा लपवा, असं मी म्हणत नाही. उलट पूर्ण सांगा, धुळीतल्या पोरीपासून बाळापर्यंत, आणि सातव्या नरकापर्यंत. पाठशाळेत सांगाल तर पहिल्या व्रताच्या दिवशी सांगा.

आणि कामवासनेचं काय करायचं हे शिकवायचं असेल, तर फार लांब जावं लागत नाही. त्रिषष्टीच्या त्याच सहाव्या पर्वात, सुभूमानंतर थोडंसंच पुढे, मल्लीकुमारींची कथा आहे. आपण श्वेतांबर त्यांना एकोणिसाव्या तीर्थंकर आणि स्त्री मानतो. सहा राजे त्यांच्या रूपावर लुब्ध होऊन मिथिलेवर चालून आले. मल्लींनी आपली एक सोन्याची पोकळ मूर्ती करवली होती, तिच्या मस्तकाला झाकण. रोज आपल्या जेवणातला एक घास त्या तिच्यात टाकत. राजे त्या मूर्तीकडे भान हरपून बघत असताना झाकण उघडलं. दुर्गंधानं सगळ्यांनी नाकं झाकली. मग मल्लींनी त्यांना समजावलं, देहाचं स्वरूप आणि मागच्या जन्माची मैत्री. सहाही राजांना बोध झाला, पुढे त्यांनी दीक्षा घेतली.

वासना सहा पुरुषांची होती, सैन्य दाराशी होतं, आणि एकाही माणसाचं डोकं उडालं नाही. एका बाईनं झाकण उघडून प्रश्न सोडवला. एकाच पर्वात दोन कथा. एकीत राग आहे आणि पिढ्यान् पिढ्यांची प्रेतं आहेत. दुसरीत समज आहे आणि सहा दीक्षा आहेत. आचार्यांनी दोन्ही आपल्या हातात ठेवल्या आहेत. आपण सुनेला घाबरवायला पहिली उचलतो आणि दुसरी वर्षातून एकदा कल्याणकाच्या दिवशी ऐकतो.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या चैत्रात कुणी "त्या रेणुकेला विचार" म्हणालं, तर गप्प बसू नका. आवाज न चढवता एवढंच विचारा: त्या बाळाचं काय झालं? आणि सुभूम कुठे गेला? ज्यांना उत्तर माहीत असेल त्या पुन्हा ते वाक्य बोलणार नाहीत. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगायला तुम्ही आहातच.

जय जिनेंद्र.